सिंधूची काळी पाच

पटो न पटो, हे घडलं आहे. आमच्या घरात अंगारा-धुपारा कधी आला नाही. भुताला भिणाऱ्यांची मी जन्मभर थट्टाच केली. तरीही सांगते.

यंदाची माघ पौर्णिमा. गाव उंद्री. नुकती दिवेलागण झाली होती.

आमच्या मंडळाचं 'संगीत मेघावती' मी तरुण होते तेव्हापासून चालू आहे. मेघावती राणी म्हणजे सिंधूताई. मी, धम्मशीला, तिची दासी. सिंधू गायची पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीत. काळी पाच. एवढा उंच सूर पेलणारी दुसरी बाई आसपास नव्हती.

मंडळाची एक रीत होती. भूमिका सोडणाऱ्या बाईनं नव्या बाईला आपल्या हातानं पेटीवर सूर धरून द्यायचा. मगच भूमिका तिची.

सिंधूनं तो कुणालाच दिला नाही.

"मी मेल्यावरही राणी मीच," म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात ती गेली.

आता सगळे नट नवे. राणी झाली दीपमाला. गळा गोड, पण खालचा. काळी तीन. संगीत लॅपटॉपवरून. सिंधूची पेटी विंगेत नुसती आठवण म्हणून, झाकण लावून ठेवलेली.

मंडळ चालवणारा नागसेन मला म्हणाला, "शीलाआजी, आज पोरीले जमलं नाही, तं नाटक बंद. लोकं येऊनच नाही राह्यले."

मी विंगेत खुर्ची टाकून बसले.

पहिलं पद नीट झालं. दुसऱ्याला दीपमालानं तोंड उघडलं...

आणि पेटी वाजली.

एकच सूर. लांब. उंच.

काळी पाच.

नागसेननं घाबरून लॅपटॉप बंद केला.

सूर चालूच राहिला...

दीपमालाचा आवाज त्या सुराकडे ओढला गेला आणि फाटला.

"राणीचा गळा बसला काय?" लोकांतून एक जण म्हणाला.

"सिंधूताई पाह्यली ना आपण. आता हे काऊन पाहाव?" एक बाई म्हणाली. हशा पिकला.

पोरीनं विंगेकडे पाहिलं. डोळे भरलेले.

मी उठले. पेटीपाशी गेले. झाकणाखाली काहीतरी श्वास घेत होतं...

झाकण काढलं.

काळी पाच खाली दबलेली होती. वर बोट नव्हतं.

भाता आपोआप हलत होता.

भीतीपेक्षा राग मोठा निघाला.

"सिंधू, जन्मभर तू राणी झाली. म्या पंखा हालवला. आता पोरीले गाऊ दे."

सूर आणखी चढला.

"नाही देत सूर? मंग मीच देईन."

राणीचा सूर दासीनं द्यायचा, हे कुठल्याच रीतीत बसत नव्हतं. न बसू दे.

मी काळी तीनवर बोट दाबलं. दोन सूर एकमेकांना भिडले. माझ्या बोटाखालची पट्टी खालून वर रेटत होती, कुणी पलीकडून ढकलावी तशी. बोट गार पडलं. मग बधिर.

मी सोडलं नाही.

"दीपे, माह्याकडं पाह्य. हा तुहा सूर. घे."

तिनं डोळे पुसले. घेतला.

आधी कापरा आवाज आला, मग भरत गेला. सिंधूसारखा मुळीच नाही. तिचा स्वतःचा. लोक पुढे सरकून ऐकू लागले. पद संपलं तेव्हा मघाचीच ती बाई म्हणाली, "पुन्हा होऊ द्या."

तेव्हा कुठे काळी पाच हळूहळू वर आली.

टाळ्या थांबल्यावर माझ्या लक्षात आलं...

मी भात्याला हात लावलाच नव्हता.

मग माझा सूर कुणाच्या हवेवर वाजला?

परवा सोनाळ्याला प्रयोग होता. दीपमाला म्हणाली, "आजी, तू घरीच राह्य. मले जमते आता."

"तुले जमते. तिले राणीपण सोडणं कुठं जमते अजून?"

विंगेत गेले. पेटीचं झाकण बाजूला पडलेलं. काळी पाच आधीच खाली. समोरची सतरंजी मधोमध दबलेली, कुणी मांडी घालून बसावं तशी...

हे लिहितानाही त्या बोटाला जाणीव नाही.

"सरक जराशी," मी म्हणाले, आणि तिच्या शेजारी बसले.