बांधाबांधानं आलेला गाडा

"सरकला! पुन्हा सरकला!" शेजारचा परमेश्वर धापा टाकतच आखाड्यावर, भक्तीच्या शेतातल्या गोठ्यापाशी आला. "काल वढ्यापल्याड व्हता, आन् आज भुजंगकाकाच्या रानात, आपल्या बांधाला लागून हुबा हाय!"

भक्तीच्या हातातली कडब्याची पेंढी खाली पडली. दिवाळीच्या सुट्टीचे सगळे बेत त्या गाड्यानं गिळून टाकले होते. सोमवारी तो गावाच्या शिवेवर दिसला. मंगळवारी चिंचेखाली, बुधवारी ओढ्याकाठी. आज गुरुवार. आणि तो ओढताना कोणाला म्हणता कोणाला दिसला नव्हता!

भक्ती, परमेश्वर आणि परभणीहून सुट्टीला आलेला तिचा मावसभाऊ शंतनु, तिघं बांधावर जाऊन उभी राहिली. गुडघाभर उंचीचा लाकडी गाडा. त्यावर मरीआईची लाकडी मूर्ती, हिरव्या बांगड्या, वाळलेले लिंबू आणि जनावरांच्या दाव्यांचं भेंडोळं. वारा आला की मूर्तीच्या गळ्यातली घंटी किणकिणे. पत्र्याचे डोळे थेट भक्तीच्या आखाड्याकडे लागलेले होते.

"चाकं असली की वस्तू उतारावरून सरकतेच," शंतनु म्हणाला. "साधं विज्ञान आहे!"

"वढ्यातून वर चढलाय त्यो," परमेश्वर म्हणाला. "सांग तुझ्या इज्ञानाला!"

शंतनु वाकून चाकं बघू लागला.

शिवेपलीकडच्या गावात लंपीची साथ होती. जनावरांच्या अंगावर टणक गाठी उठत, ताप चढे, काही दगावतही. तिथल्या लोकांनी रोग गाड्यावर बसवून आपल्या हद्दीबाहेर लोटला होता, आणि तो रोज एकेक रान पुढे येत होता. मोठ्या माणसांना विचारावं, तर ती तोंडाला कुलूप लावत. भक्तीच्या आईनं, सवितानं तर कापूस वेचता वेचता डोळेच वटारले. "त्याचं नाव काढू नगंस!"

भक्तीला काळजी होती ती गुंजीची. गुंजी म्हणजे तिची लाल कंधारी गाय. वासरू असल्यापासून तिनंच वाढवलेली. भक्ती समोर उभी नसली तर बाईसाहेब पान्हा सोडत नसत! सहाच दिवसांपूर्वी गुरांच्या डॉक्टर उत्तरा मॅडमनी गावातल्या जनावरांना लस टोचली होती. तेव्हा भक्तीनं विचारलं होतं, "आता गुंजीला काई व्हणार न्हाई ना?"

"लगेच नाही गं," मॅडम म्हणाल्या होत्या. "लशीत दुबळा करून ठेवलेला विषाणू असतो. तो बघून अंगातले पहारेकरी शत्रूची ओळख करून घेतात, त्याला धरायची हत्यारं घडवतात. त्याला तीन आठवडे लागतात. तोवर जप तिला. आजारी जनावराचं दावंसुद्धा जवळ येऊ देऊ नकोस."

म्हणजे अजून पंधरा दिवस गुंजीच्या अंगातले पहारेकरी अर्धेकच्चेच होते.

भक्तीनं काडीनं एक दावं लांबूनच उचललं. त्याला लाल केस आणि वाळलेल्या खपल्या चिकटल्या होत्या. घोंगावत माश्या उठल्या.

"अरे देवा!" ती मागे सरली. "ह्या गाड्यावर रोग हाय! खरंच हाय!"

"म्हणजे देवीच..." परमेश्वर पुटपुटला.

"ते बघ आधी." भक्तीनं जमिनीकडे बोट केलं. चाकांच्या खुणांवरून फांदी फिरवलेली दिसत होती. "देवीला आपला माग पुसायची काय गरज?"

परमेश्वरचे डोळे विस्फारले. "आमचा आश्रुबा आजा सांगायचा! गाडा लोटणाऱ्यानं माग पुसायचा, आन् घरी जाऊन हातपाय धुईपस्तोर एक शब्द बोलायचा न्हाई. बोलला की रोग त्याच्याच घरला!"

शंतनुनं मोबाइल काढून सोमवारी काढलेला फोटो मोठा केला. "एक, दोन... नऊ दावी होती. आता सहाच आहेत!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. देवीच्या गाड्यावरची दावी गेली कुठं?

दिवेलागणीला तिघं बांधाच्या अलीकडे तुरीत दबा धरून बसली. पाखरं गप्प झाली होती. तुरीचा पाला आपोआप सळसळत होता.

किण... किण...

अंधुक उजेडात एक काळी आकृती गाड्यामागे वाकली होती. तिला डोकंच नव्हतं! परमेश्वरनं शंतनुचा दंड असा काही आवळला की शंतनु कळवळला. गाड्याचं चाक कुरकुरलं आणि आकृती बांधाकडे येऊ लागली.

भक्तीला पळून जावंसं वाटत होतं. पण मागे आखाड्यावर गुंजी हंबरली, आणि ती उठून थेट बांधावर उभी राहिली.

"कोण हाय? बोला!"

आकृती जागीच थांबली. शंतनुनं मोबाइलचा उजेड टाकला. डोक्यावरून ओढलेल्या घोंगडीतून भुजंगकाकांच्या मिशा बाहेर आल्या होत्या!

"काका, तुमी?"

काकांनी तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं "बाजूला व्हा" अशी खूण केली.

"आमी उत्तरा मॅडमला फोन करायलोत," भक्ती म्हणाली. "तुमची हरकत असंल तर तसं सांगा."

काका जोरजोरात मान हलवू लागले.

"मान हलवलेली अंधारात दिसत नाही हो!" शंतनु म्हणाला. "हरकत नाही ना? लावतो मग."

काकांची गत इकडे आड, तिकडे विहीर अशी झाली. बोलावं तर रोग घरी, गाडा सोडून जावं तर तो त्यांच्याच रानात! ते मटकन खाली बसले.

मॅडम देवगाव फाट्यावरून आल्या तेव्हा उजेड बघून अर्धं गाव जमलं होतं. त्यांनी हातमोजे चढवून दावी तपासली.

"या खपल्यांत विषाणू महिनाभरही टिकतो," त्या म्हणाल्या. "तीन दावी कमी आहेत. ती आत्ताच्या आत्ता काढायला हवीत. कोणाच्या जनावरांच्या गळ्यात आहेत?"

एकेक जण उजेडातून मागे सरू लागला. देवीच्या गाड्यावरून उचललं हे चारचौघांत कबूल कोण करणार?

भक्तीला रडूच कोसळलं. "काका, गुंजीला आन् तुमच्या बैलांना एकाच दिवशी टोचलंय. त्यांच्याबी अंगात अजून तयारी झालेली न्हाई. तुमाला ठावं असंल तर बोला ना!"

भुजंगकाकांनी घोंगडी डोक्यावरून मागे सारली.

"दोन माझ्या बैलांच्या गळ्यात हायेत," ते म्हणाले. "दोरी लय चांगली व्हती. वाया कशाला घालवायची, म्हणून घेतली."

गर्दीतून धुरपताबाईंचा बारीक आवाज आला. "एक माझ्या म्हशीला."

मग एकेक जण कबूल होऊ लागला. शिवेवरून चिंचेखाली बालाजीनं लोटला, तिथून ओढ्याकाठी धुरपताबाईंनी, आणि ओढ्यातून वर भुजंगकाकांच्या रानात ओढ्याकाठच्या रानमालकानं. देवी एक पाऊलही चालली नव्हती. तिला सगळं गावच ढकलत होतं!

मूर्ती धुऊन देवळात नेली. दावी बांधावरच जाळली. बैल आणि म्हैस वेगळी बांधली, गोठ्यांतून फवारणी केली.

पाचव्या दिवशी भुजंगकाकांच्या एका बैलाला ताप भरला, मानेवर चार गाठी उठल्या. झालं! गावात कुजबुज सुरू झाली. "बघा, बोलला म्हणून आला!" पण वेळेवर औषधपाणी मिळालं आणि अंगातल्या पहारेकऱ्यांनीही निम्मी हत्यारं घडवलेली होती. गाठी चाराच्या पाच झाल्या नाहीत. दहा दिवसांत बैल पुन्हा वैरण ओढू लागला.

लस टोचून एकवीस दिवस झाले. मॅडमनी गुंजीच्या अंगावरून हात फिरवला. एकही गाठ नाही! "आता कुठं हिचे पहारेकरी तयार झाले," त्या हसून म्हणाल्या. "पोरांनो, तुम्ही यांना हवा होता तेवढा वेळ मिळवून दिलात."

सवितानं लेकीला जवळ ओढलं. "मी डोळे वटारले, तरी तू इचारायची थांबली न्हाईस. बरं केलंस, बाई!"

तेवढ्यात मागे जमलेल्यांतून कोणीतरी म्हणालंच, "तरीबी भुजंगानं त्या दिवशी तोंड उघडायला नको व्हतं."

भुजंगकाका गर्रकन वळले. "अरं, रोग माझ्या गोठ्यात आधीच आला व्हता. मीच आणला व्हता, मुकाट्यानं!" त्यांनी भक्तीच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या पोरीनं मला बोलतं केलं, म्हणून माझा बैल आज दावणीला हाय."