सेल्मोचे कोंबडे

बस पाहुण्या, मासा गरम आहे तोवर जेव. भिंतीवरच्या त्या चित्राची गोष्ट सांगतो तुला. फक्त माझ्याआधी ताटावरून उठू नकोस.

सेल्मो आमच्या या तळ्यातल्या बेटावरचा चितारी. भाताची कापणी, बांबूवरचे नाच, गावजेवणं असलं रंगवायचा, मनिलाची माणसं हौसेनं न्यायची. एका दुपारी चित्र काढायला त्यानं आंब्याखाली चार ताटं मांडली. बायको पासिंग, लेक दालिसाय, शेजारी म्हणून मी, आणि चौथं त्याचं स्वतःचं. पत्र्याची पांढरी ताटं, प्रत्येकाच्या काठावर एक लाल कोंबडा. चारी कोंबड्यांची तोंडं त्यानं तळ्याकडं लावली.

पासिंगला पलीकडं बहिणीकडं जायचं होतं. होडीवाल्यानं हाक मारली तशी ती अर्ध्या जेवणातून उठली. असं कुणी निघालं की आमच्यात मागं राहिलेले आपापलं ताट गोल फिरवतात. जाणारा सुखरूप पोचतो. मी ताटाला हात घातला, तर सेल्मो खेकसला, "हलवू नका रे! आत्ता कुठं कोंबडे जुळलेत."

"बघा," पासिंग हसली, "बायकोपेक्षा कोंबडे लाडके!"

ताटं तशीच राहिली. वारा नव्हता, लाट नव्हती, तरी होडी उलटली. होडीवाला पोहत आला. पासिंग नाही आली.

ते चित्र सेल्मोनं कुणाला विकलं नाही, जेवायच्या खोलीत भिंतीवर लावलं.

सात वर्षांनी दालिसाय नर्स म्हणून परदेशी निघाली. जेवायला बसलो आणि पोरगी म्हणाली, "बाबा, आईचा कोंबडा कुणी फिरवला?"

चित्रातला पासिंगचा कोंबडा दाराकडं बघत होता. सेल्मोनं बोट लावलं. बोट लाल झालं.

पोरगी उठली तसं त्यानं दोन्ही हातांनी ताट फिरवलं. भात सांडला. मीही फिरवलं.

दालिसाय पोचल्याचं पत्र आलं, त्या दिवशी कोंबडा परत तळ्याकडं वळला.

दोन वर्षांमागं एका सकाळी तीन कोंबडे दाराकडं फिरले. सेल्मोचा तेवढा नाही.

"निघायचं दिसतंय," तो म्हणाला, आणि आणखी भात मागून घेतला. "तू ताट विसरू नकोस, गाढवा."

नाही विसरलो. दुपारी खुर्चीतच गेला, झोपल्यासारखा. तिसऱ्या दिवशी सगळे कोंबडे जागेवर. मग चित्र माझ्या भिंतीवर आलं.

आज पहाटे मी दिवा धरून बघितलं. तीन फिरलेत.

माझा तळ्याकडंच आहे.

मी आता उठतो. तू बस. हात नंतर धू, आधी तेवढं तुझं ताट फिरव.