डाव्या पॅनेलवरचे ओरखडे

बसा मास्तर, घाईचं काम नाही हे. तुमच्या फियाटच्या दारावर आत्ताच ब्रशचा एक हात दिलाय, तो नीट सुकू दे. मग पाण्यातला घासायचा पेपर हलकासा फिरवतो, रबिंगची पॉलिश मारतो आणि उद्या तुम्हीच विचाराल, गोपीनाथकाका, ओरखडा नेमका कुठे होता? लाइट काय, येईल तेव्हा येईल. कंदील आहे. ओरखडे बघायला कंदीलच बरा, उजेड आडवा पडतो.

हळहळू नका. नव्या रंगावर पहिला ओरखडा पडतोच. कुणी पाडला, ते विचारू मात्र नका. मला कळत नाही अशातला भाग नाही. डहाणू रोडला तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. रेघ बघितली की किल्लीची, बांगडीची, सायकलच्या ब्रेकची की मांजराची, हे मी चहा पिता पिता सांगायचो. लोक मुद्दाम ऐकायला थांबायचे आणि मला चेव चढायचा. ब्याण्णव सालापासून ते बंद केलं.

तेव्हा देवेश म्हणून एक पोरगा होता, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. सरळ माणूस. वलसाडच्या कुठल्याशा गोडाऊनमधून त्याने जुनी लॅम्ब्रेटा स्कूटर उचलून आणली. बायको रुचिता पोटुशी होती. म्हणाला, "काका, बाळ येईपर्यंत ही नवी करून द्या. दवाखान्यातून दोघांना हिच्यावरच घरी आणणार."

चार महिने घातले मी त्या गाडीवर. पार पत्र्यापर्यंत सोलली. डाव्या पॅनेलला, म्हणजे सीटखालच्या बाजूच्या पत्र्याला, हा एवढा पोचा होता, तो आतून ठोकून काढला. त्याच बाजूला बायकांना पाय ठेवायचा घडीचा फूटरेस्ट होता, तोही पार मुडपलेला. देवेश म्हणाला, "काढूनच टाका, लाइन बिघडते गाडीची." मलाही पटलं. रुचिता अशीही काही महिने बसणार नव्हती. उपटला आणि मागच्या भंगारात भिरकावला. मग आकाशी रंगाचे चार हात दिले. काय दिसायची म्हणून सांगू! स्टेशनबाहेर रिक्षावाले थांबून बघायचे.

तीन आठवड्यांत देवेश तोंड पाडून परत आला. डाव्या पॅनेलवर ओरखडे. बारीकच, नखभर लांब. मी टचअप केला. आठ दिवसांनी तेच, त्याच जागी. पुन्हा केला. तिसऱ्या वेळेला रुचिताही त्याच्याबरोबर चालत आली. सातवा महिना होता. मी टॉर्च घेऊन खाली बसलो, आणि माझं तोंड सुटलं.

"ही किल्ली नव्हे रे. पैंजण आहे, पैंजण! ही रेघ मागच्या अडकवायच्या फाशाची, हे ठिपके घुंगरांचे. कुणी बाई एका अंगाने बसतेय मागे. बारीक अंगाची आहे आणि पाय सारखे हलतायत तिचे."

वर बघितलं तर रुचिता नवऱ्याकडे बघत होती.

"काका, नक्की?" रुचिताने विचारलं.

"गोपीनाथ मिस्त्री चुकला, असं ऐकलंयस कधी?"

तिने आपल्या सुजलेल्या पावलांकडे बघितलं. "माझी पैंजणं तर मी पाचव्यातच काढून ठेवली," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने ती तलासरीला माहेरी गेली. परत येणार नाही असं सांगून.

देवेश माझ्यासमोर ढसाढसा रडला. "आईची शपथ काका, मागे कुणालाही बसवलेलं नाही. स्टेशन ते घर, घर ते स्टेशन. फार तर रविवारी वाढवणला, मासळी आणायला." खरं सांगू? मी विश्वास ठेवला नाही. माझे डोळे खोटे की हा खोटा, असा प्रश्न होता, आणि माझे डोळे मला जास्त ओळखीचे.

घरी बायकोला, मनोरमाला सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "तुमच्या जिभेला काही हाड? भरल्या पोटाची पोर ती! संसार मोडलात तिचा. आता तुम्हीच जोडा." रात्रभर माझ्याकडे पाठ करून झोपली.

मग मी माझ्या पद्धतीने ठरवलं. पॅनेल पुन्हा रंगवायचं, आरशासारखं करायचं आणि आपण एकट्याने गाडी तलासरीपर्यंत न्यायची. वाटेत ओरखडा उठला, तर देवेश निर्दोष. मग खडे उडोत नाहीतर काही होवो, निदान बाई नाही. आणि नाही उठला, तर मात्र पोरगी माहेरी गेली तेच बरोबर. तीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःच्या रंगावर ओरखडा पडावा म्हणून देवाकडे मागत होतो!

मे महिना होता. मनोरमाला साक्षीदार म्हणून बाहेर बोलावलं. तिने वाकून बघितलं, पॅनेलमध्ये बघूनच कपाळावरचं कुंकू सारखं केलं आणि म्हणाली, "एक रेघ नाही. जा आता." दुपारचे बारा वाजले होते. लोक म्हणतात ही भुताखेताची वेळ, पण मी कधी मानलं नाही. तसलं काही माझ्या डोक्यातही नव्हतं.

सरावली मागे पडली, आशागड गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताडांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा झालेल्या. गाडी कशी, लोण्यासारखी चालली होती. मी शीळ घालत होतो.

आणि हँडल डावीकडे ओढलं.

मास्तर, तुम्ही कधी स्कूटर चालवलीय? मागे बाई एका अंगाने बसली की गाडी तिच्या बाजूला झुकते. मग चालवणारा नकळत उजवीकडे तोल धरतो. मनोरमाला घेऊन मी वीस वर्षं हिंडलोय, माझ्या कमरेला ते पाठ आहे. माझी कंबर आपोआप उजवीकडे गेली. आधी कंबर गेली, आणि मग मला कळलं की ती का गेली.

मी गाडी थांबवली. वळून बघितलं. सीट रिकामी. ऊन नुसतं मी म्हणत होतं. चाकातली हवा बघितली, हँडल हलवून बघितलं. सगळं ठीक. म्हटलं, गोपीनाथ, उन्हाने डोकं तापलंय. पुन्हा किक मारली.

दोन फर्लांग गेलो नसेन, आवाज आला. नाटकातलं छुमछुम नव्हे हो. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. टिक्... कर्रर्र... टिक्. डाव्या पॅनेलवर. आणि वास आला. नवी सुती साडी पहिल्यांदा घडी मोडून नेसली की खळीचा येतो ना, तो. त्या रणरणत्या उन्हात, माझ्या मानेपाशी.

मी घाबरलो. सांगायला लाज कसली? मागे वळून बघायची हिंमत होईना. डोक्यात एकच, गाडी टाकावी आणि पळत सुटावं. पण मग तलासरीला काय सांगणार होतो? तिकडे ती पोर उंबऱ्यात बसून रडत असणार, इकडे देवेश. दोघांच्या मध्ये माझी जीभ. ज्या ओरखड्यासाठी देवाला साकडं घातलं, तो आता पडत होता, आणि मी पळू?

घसा खाकरला. म्हटलं, "बाई... तलासरीपर्यंतच जायचंय. नीट धरून बसा."

आवाज थांबला. थोड्या वेळाने माझ्या उजव्या खांद्यावर हात पडला. हलका. वजन कसलं ते नाही... पण बोटं कळत होती. पाचही.

चारोटी नाक्याला हायवे लागला, महालक्ष्मीचं देऊळ आलं. मी गाडीवरूनच एका हाताने नमस्कार केला, तर हात कपाळाकडे नेताना खांद्यावरचा हात अजून घट्ट झाला. तोल जाईल म्हणून बाई धरते ना, तसाच. तलासरीपर्यंत मग मी एकाही खड्ड्यात गाडी घातली नाही. मागे माणूस बसलेलं असलं की आपण जपूनच चालवतो.

रुचिताच्या दाराशी गाडी स्टँडवर घेतली तेव्हा ती ओढ नव्हती. हातही नव्हता. रुचिता आणि तिची आई, निर्मलाताई, ओटीवर आल्या. रुचिताने मला बघितलं नाही. पॅनेल बघितलं. चार ताजे ओरखडे होते, रंगाची पूड अजून कडेला चिकटलेली.

"मनोरमाकाकू आल्यात बरोबर?" तिने विचारलं. "कुठे उतरवलंत त्यांना?"

"कुणी नाही आलं, पोरी. एकटाच आलो."

"म्हणजे काका... तुम्हीसुद्धा?"

ऐका! या वयात माझ्यावर आळ! पण हसू आलं नाही. मी ओटीवर बसलो, तांब्याभर पाणी प्यालो आणि तिला सगळं सांगितलं. कुंकवापासून खांद्यावरच्या हातापर्यंत. शेवटी म्हटलं, "मागे कोण बसतं, ते मला ठाऊक नाही. पण तुझा नवरा खोटा नाही. खोटा ठरलो तो मी."

निर्मलाताईंनी पदर तोंडाला लावला. रुचिता मात्र पोट सावरत उठली, गाडीपाशी गेली. डाव्या बाजूला वाकून बराच वेळ बघत राहिली.

"काका, इथला फूटरेस्ट काढलात तुम्ही?"

"हो. लाइन बिघडत होती."

"अहो, मग ती पाय ठेवणार कुठे?"

तीस वर्षांत मी शेकडो स्कूटरी रंगवल्या, मास्तर, पण एका अंगाने एकदाही बसलो नाही. माझ्या डोक्यात कुठून येणार ते? पाय लोंबकळत राहिले की पैंजण पत्र्याला घासणारच. एवढी साधी गोष्ट!

रुचिता परतली, माझ्या शेजारी बसली. हळू आवाजात म्हणाली, "ह्यांना सांगू नका काका. स्टेशनवरून अवेळी एकटे येतात. घाबरतील." मग जरा थांबून, "हात... खांद्यावर ठेवला होता?"

"हो."

तिने माझा रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली.

परत येताना हँडल पुन्हा तसंच ओढत होतं. मी शीळबिळ न घालता गप्प आलो. घरी येऊन आधी भंगार उपसलं. सगळं भंगार गंजलेलं, पण फूटरेस्टची पाय ठेवायची पट्टी तेवढी घासल्यासारखी लख्ख होती. सरळ केला, रंगवला, नवं रबर घातलं, घट्ट बसवला. देवेशला सांगितलं, पॅनेलची आतली कडी सैल राहिली होती, ती घासत होती, माझी चूक. आयुष्यात पहिल्यांदा मी कामातली चूक कबूल केली, आणि तीही खोटी! बिचाऱ्याने माझे पाय धरले. संध्याकाळच्या एस्टीने तलासरीला गेला आणि बायकोला घेऊन आला.

त्यानंतर एक ओरखडा नाही. एक नाही! मुलगी झाली त्यांना, सोनल नाव ठेवलं. तिला दवाखान्यातून त्याच गाडीवर घरी आणलं. मी मनोरमाला छाती ठोकून सांगायचो, बाई असो नाहीतर कुणी असो, पाय ठेवायला जागा दिली की भांडण मिटतं. ओरखडे थांबले, म्हणजे बाई उतरली. तिला काय हवं होतं, ते मी बरोबर ओळखलं, असंच मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात तिघं आले होते, सर्व्हिसिंगला. हा कंदील आहे ना, तो घेऊन मी पॅनेल बघितलं. दोन वर्षं झाली, पण आरसा! रुचिता लांबूनच माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवून सांगितलं, काही नाही. तिचा चेहरा कसा मोकळा झाला! ती पोरीला घेऊन मनोरमाला भेटायला आत गेली.

देवेश तिथेच उभा, उजवा खांदा चोळत. "काका, हिला जरा तुम्ही सांगा हो," म्हणाला. "खांदा इतका घट्ट धरून बसते की दुखून येतो. घरी शर्ट काढला की बोटं उमटलेली असतात. काही बोललं तर म्हणते, मी कुठे धरते?"

रुचिता बाहेर आली. एका अंगाने बसली, फूटरेस्ट उघडून दोन्ही पाय नीट ठेवले. सोनल पेंगत होती, तिला मांडीवर आडवी घेतली. देवेशने किक मारली.

फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी बघत होतो. रुचिताचे दोन्ही हात पोरीभोवती होते. आणि देवेशचा शर्ट उजव्या खांद्यावर चुरगळत गेला, पाच ठिकाणी.