इंजेक्शनमधला जोर

कल्याण स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसून समीक्षा मोबाइलवरचे शब्द पुटपुटत होती. राहायला ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी तिथल्याच एका हॉस्पिटलात नर्सची. आज मावशीकडे निघालेली. आयर्लंडच्या नोकरीसाठी इंग्रजी बोलण्याची परीक्षा महिन्यावर आली होती, आणि मागच्या खेपेला ती उच्चारांतच आपटली होती.

"इंजेक्शनचे तीन तुकडे. इन्, जेक्, शन. जोर मधल्यावर," शेजारचा तरुण हळूच म्हणाला.

तिने वळून पाहिलं. "तुम्हाला कोणी विचारलं?"

"नाही... पण चार वेळा पहिल्यावर जोर दिलात. राहवलं नाही."

तो प्रीतम. कल्याणला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा. उतरताना तिनेच विचारलं, मला शिकवाल का? मग दर बुधवारी, शनिवारी तो ठाण्याला येऊ लागला. तलावपाळीला, तळ्याकाठच्या कट्ट्यावर बसून तो बोटांवर शब्द तोडायचा. कम्फर्टेबल लिहिताना चार तुकडे, बोलताना तीनच. चुकलं की तो तिच्या मनगटावर हलकीच टिचकी मारायचा, आणि हल्ली ती मुद्दाम चुकायला लागली होती...

परीक्षेच्या आठवड्यात मात्र तो आलाच नाही. फोनही उचलेना. समीक्षा पेशंटची नाडी धरायची आणि मोजता मोजता आकडा विसरायची. आधी राग आला, मग काळजी वाटली, मग पुन्हा राग. तिसऱ्या दिवशी ड्यूटी संपताच तिने सरळ कल्याण गाठलं. क्लास सुटला होता. तो एकटाच फळा पुसत होता.

"मी शिकवलं तर तू पास होशील," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पास झालीस की जाशील. म्हणून... लाज वाटते गं सांगायला."

तिने बाक ओढला, वही उघडली. "परीक्षा परवा आहे. आधी शिकव. मग बाकीचं."

त्याने दोन तास शिकवलं, हातचं काही न राखता. ती उठली तेव्हा म्हणाली, "आता बोल."

"मला तू आवडतेस."

"माहितीये. मलाही तू... नाहीतर शिकायला यूट्यूब होतंच की."

समीक्षा पास झाली. आयर्लंडच्या नोकरीचा करार दोन वर्षांचा होता. निघायच्या आदल्या दिवशी तिने प्रीतमला घरी नेलं आणि आईला सगळं सांगून टाकलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग भरलेल्या बॅगांकडे. "दोन वर्षं थांबशील का रे?"

"थांबेन."

तो इतक्या शांतपणे म्हणाला, की समीक्षाला पहिल्यांदाच वाटलं, जाऊच नये.