शेवटचा भागाकार

सकाळी दहाला पाथरवट आला, टेप आणि कागद घेऊन. कॉलेजच्या नव्या सभागृहात दादाची संख्या दगडात कोरायची होती: ९९९८२०००८१. खाली ओळ, ‘एक आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी’. त्याखाली दादाचं नाव. बहिणीने ‘तपासलं, बरोबर आहे’ एवढंच लिहून द्यायचं होतं.

एवढंच म्हणे! भागाकार कुणी केले होते? गणितात ती दादाच्या चार पावलं पुढे, पण शिकायला पाठवलं त्याला. तो प्राध्यापक झाला, ही त्याच्या घरात राबली. दुपारची भांडी आवरून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं आणि एकेका मूळ संख्येने भागत सुटायचं. नऊ हजार पाचशे एक्क्याण्णव भागाकार, अकरा वह्या. शेवटचा भाजक ९९९८९, उत्तर ९९९९३, बाकी चार.

“दादा, उत्तर अजून भाजकापेक्षा मोठं आहे. आणखी एक करायला हवा, ९९९९१ चा.”

“पुरे!” त्याने वही मिटली. “तिथे काय डोंबल निघणार आहे?”

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात संख्या जाहीर करून टाळ्या घेऊन आला. तिने भांडी घासता घासता तो भागाकार तोंडी केला. लाखातून नऊ वजा, त्याचा वर्ग. बाकी शून्य. संख्येला भाग जात होता! तीस वर्षं तिने ब्र काढला नाही. त्याच्याच घरात राहायचं होतं ना.

दादा जाऊन महिना झाला होता. आज ती गप्प बसणार नव्हती.

“बस जरा,” ती पाथरवटाला म्हणाली. “आधी हा भागाकार बघ.” तो कधीकाळी दादाचा विद्यार्थी होता. निमूट बसला.

तिने करून पाहिला. बाकी चार.

काहीतरीच! पुन्हा केला. चार. मग तिचं लक्ष भाजकाकडे गेलं. ९९९८९. मनात एक्क्याण्णव घोकत तिने दोन्ही वेळा एकोणनव्वद लिहिलं होतं. आणि आठाला वर बारीक शेपटी होती. असा आठ दादा काढायचा.

“तू लिही बाबा. नव्व्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव.”

त्याने लिहिलं. ९९९८९. आठाला शेपटी.

“हेच सांगितलंत ना, ताई?”

तिने धडपडत अकरावी वही काढली. मागची पानं तिने कोरी सोडली होती. आता ती भरलेली होती. दादाच्या अक्षरात तोच भागाकार, पानामागून पान. भाजक ९९९८९, बाकी चार. शेवटच्या पानावर तारीख कालची.

तिने पेन फेकलं. लिहू देत नाहीस काय? मग बोलते! ह्या संख्येला भाग जातो, कोरू नकोस, एवढंच तर म्हणायचं होतं.

तिने तोंड उघडलं.

“पुरे!” आवाज जाडा होता, पुरुषी. “बरोबर आहे. कोर.”

पाथरवट ताडकन उभा राहिला.

“हो, सर,” तो म्हणाला.