त्वचामित्राने झाकलेली जागा

बोरसुरीच्या आरोग्य उपकेंद्रात खरूज, नायटा, कोड असल्या तक्रारींसाठी आता कुणी डॉक्टरची वाट बघत बसत नसे. खुंटीवरचा त्वचामित्र काढायचा, दुखऱ्या जागेवर टॉर्चसारखा धरायचा, की कातडीच्या आतल्या थरांचं चित्र वाचून तो दोन मिनिटांत आजाराचं नाव सांगायचा. शोभना सिस्टरचा त्याच्यावर भारी जीव होता. आज मात्र तिला तो उचलून आपटावासा वाटत होता.

समोर द्वारकाबाई कासार होत्या. वय चोपन्न. बांगड्या भरायचा धंदा, म्हणजे दिवसभर मांडी घालून बसणं, आणि खालच्या जागी अकरा वर्षं खाज. कुणी बुरशीचं मलम दिलं, कुणी वय झालं म्हणालं, आणि स्वच्छता पाळा हे तर प्रत्येकानंच सांगितलं. पडद्याआड तपासताना शोभनाला पांढरे, कागदासारखे पातळ चट्टे दिसले आणि त्यांच्या कडेला एक टणक, न भरणारी जखम. तिनं त्वचामित्र धरला. स्क्रीनवर धुरकट चौकोन आला आणि खाली सूचना: ‘शालीनतेच्या नियमानुसार हे चित्र झाकले आहे.’

“काय म्हणतंय?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“लाजतंय,” शोभना म्हणाली आणि तिनं मदत केंद्राला फोन लावला.

“शालीनता समितीचा निर्णय आहे मॅडम,” पलीकडचा माणूस म्हणाला. “बायकांचे फोटो बाहेर फुटू नयेत म्हणून.”

“म्हणून बाईला बघायचंच नाही?”

“जिल्ह्याला पाठवा ना तुम्ही.”

“त्वचामित्राच्या अहवालाशिवाय जिल्ह्याची चिठ्ठीच निघत नाही हो.”

“तो दुसऱ्या विभागाचा नियम आहे मॅडम.”

शोभनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फोन ठेवला, यादीतून अवयव निवडला ‘काख’, आणि त्वचामित्र पुन्हा त्याच जागेवर धरला. आता धूर नाही की लाज नाही. अहवाल सरसर उमटला:

‘लायकेन स्क्लेरोसस. बहुधा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटल्याने होतो. संसर्ग नाही, अस्वच्छतेशी संबंध नाही. स्टेरॉइडचे तीव्र मलम द्यावे. कडेची जखम संशयास्पद. तुकडा काढून कर्करोगासाठी तपासावा. टीप: काखेत हा आजार क्वचित आढळतो. जननांगाची तपासणी अवश्य करावी.’

शेवटची ओळ वाचून शोभनाला हसू आलं आणि लगेच रडूही.

“म्हणजे मी घाण नव्हते?” द्वारकाबाईंनी हळूच विचारलं.

“नाही मावशी. कधीच नव्हतात.”

“कातडी सोलेपर्यंत धूत होते गं मी. नवऱ्यानं अंथरूण वेगळं केलं, तेव्हासुद्धा मलाच माझी किळस आली होती.” त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता, आणि तो अकरा वर्षं उशिरा आला होता.

चिठ्ठी निघाली, पण तिच्यावर ‘काख, जखमेचा तुकडा तपासावा’ एवढंच छापलं होतं, शेवटची टीप नव्हती. यादीत जागा बदलली की चित्र पुन्हा झाकलं जाई आणि चिठ्ठी रद्द होई. “तिथं तोंडानं सांगा मावशी,” शोभनानं बजावलं. “लाजू नका.”

मंगळवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात तरुण सर्जननं चिठ्ठी बघितली आणि कपाळावर हात मारला. “या जिल्ह्यातल्या बायकांच्या काखांना झालंय तरी काय? सकाळपासून तुम्ही आठव्या. हात वर करा.”

द्वारकाबाईंनी हात वर केला नाही. “काखेत काही नाही, साहेब. खाली आहे. आमच्या सिस्टरला काख लिहावं लागलं, कारण खरं लिहिलं की तुमचं यंत्र डोळे मिटतं.”

डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली. मग त्यांनी नर्सला आत बोलावलं, भूल दिली आणि जखमेचा लहानसा तुकडा काढून बाटलीत घातला. निकाल दहा दिवसांनी. द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या टेबलावरून उठून थेट डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

“आणि माझ्याआधीच्या सात जणी? त्यांचं काय केलंत?”

“काखेत काही दिसलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “काही नाही म्हणून सांगितलं आणि घरी पाठवलं.”

“त्या काहीच बोलल्या नाहीत?”

“नाही.”

“मग आता त्यांना काय सांगून परत बोलावणार, साहेब?”