बिनआग्रहाचा डबा

उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात करुणा लिफ्टची वाट पाहत उभी होती. डोक्यावरचा स्कार्फ सावरत असतानाच मागून आवाज आला, "जिलेबी…?"

या नावानं तिला जगात एकच माणूस हाक मारायचा. इंद्रजीत!

कॉलेजात असताना कन्नड गावी मावसबहिणीचं लग्न होतं आणि हा पंगतीत वाढायला. तिनं ताटावर हात आडवा धरला, तर या पठ्ठ्यानं बोटांच्या फटीतून जिलेबी सोडली… एक, मग आणखी एक! पुढं तिला पुण्यात नोकरी लागली, तो गावी राहिला, आणि बोलायचं ते राहूनच गेलं.

आज तो मामांना तपासायला घेऊन आला होता. ती केमोसाठी; आजारपणात पुणं सोडून ती इथल्या घरी परतली होती. तोंडात सारखी लोखंडाची चव, पोटात मळमळ. वजन असंच उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी स्वारी तिच्या घरी हजर! डब्यात तुपानं माखलेली पुरणपोळी आणि येसराची आमटी. "खा गं, लई बारीक झालीस. एक घास… अजून एक, माझ्यासाठी." वास नाकात गेला आणि करुणा बेसिनकडे धावली.

ती परतली तेव्हा तो खाली मान घालून बसला होता. "चुकलं माझं. पण आग्रह नाय केला तर माया कशी कळायची, सांग?"

"भरलं ताट बघूनच मळमळतं रे मला," ती म्हणाली आणि रडली.

मग त्यानं दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंना गाठलं. त्यानंतर डब्यात एवढीशी वाटी यायची. ताज्या ताकातल्या ज्वारीच्या कण्या, वास येऊ नये म्हणून गार केलेल्या. सोबत लाकडी चमचा, म्हणजे तोंडात लोखंड नको. वाटी ठेवून तो गॅलरीत पाठमोरा बसायचा, चकार शब्द न काढता. जिलेबी लादणारा तो हाच का, असं तिला वाटायचं. ती थोड्या थोड्या वेळानं दोन घास घ्यायची. वजन टिकलं. डोस वेळेवर झाले.

शेवटच्या डोसनंतरच्या एका संध्याकाळी तो तसाच पाठमोरा म्हणाला, "करुणा… मला तुझ्यासंगं राहायचंय. कायमचं. पण — आग्रह नाय."

हा वेडा आताही मागं वळून बघत नव्हता! तिनं वाटी चाटूनपुसून संपवली.

"इंद्रजीत…"

"व्हय?"

"आणखी वाढ ना. आणि आता… जरा आग्रह कर की!"